ऑपरेशनआधी एमआरआय काढायचा का?

बायोप्सीच्या रिपोर्टात स्तनाचा कॅन्सर आला की संध्याकाळपर्यंत घरात सल्ल्यांची रीघ लागते. पुण्यातला भाचा फोन करतो, मुंबईची मावशी फोन करते, शेजारणीच्या बहिणीलाही असंच झालेलं असतं. या चौकशांमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "एमआरआय केला का?" नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "म्हणजे गोव्यात करत नाहीत वाटतं!" बाई आधीच हादरलेली असते. त्यात आपल्यावर अर्धवट उपचार चाललेत, हा संशय तिच्या मनात घर करतो.

म्हणून मुद्द्याची गोष्ट आधीच सांगते. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर ऑपरेशनआधी सरसकट प्रत्येकीचा एमआरआय काढावा, याला आजवरच्या अभ्यासांचा आधार नाही. काही बायकांना मात्र या तपासणीचा खरोखर मोठा उपयोग होतो आणि त्यांच्या बाबतीत ती टाळणं चूक ठरेल. आपण कुठल्या गटात आहोत हे कळणं महत्त्वाचं. ते कळण्यासाठी हे यंत्र नेमकं काय बघतं आणि त्या बघण्याचं पुढे काय होतं, ते समजून घ्यावं लागतं.

सुरुवातीचा टप्पा म्हणजे साधारणपणे पहिली आणि दुसरी स्टेज. गाठ 2 सेंटिमीटरपर्यंतची किंवा 2 ते 5 सेंटिमीटरची, काखेत काही नाही किंवा असलंच तर थोडं. अशा वेळी ऑपरेशनचे दोन रस्ते असतात. एक, गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी कड काढायची, स्तन राखायचा आणि नंतर रेडिएशन द्यायचं. दुसरा, पूर्ण स्तन काढायचा. पूर्ण काढलं म्हणजे जास्त सुरक्षित, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. इटलीत उम्बेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी 1970च्या दशकात हाच प्रश्न घेऊन चाचण्या सुरू केल्या. बायकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले, आणि पुढची 20 वर्षं त्यांची नोंद ठेवली. 2002मध्ये दोन्ही अभ्यासांचे निष्कर्ष छापून आले. स्तन राखून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या. एमआरआयबद्दलची पुढची सगळी चर्चा या एका निकालावर उभी आहे, तेव्हा तो लक्षात असू द्या.

आता नेहमीच्या तपासण्या. दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी (म्हणजे स्तनाचा एक्स-रे), स्तनाची आणि काखेची सोनोग्राफी, आणि गाठीची ट्रूकट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं. बायोप्सीच्या तुकड्यावरून कॅन्सरचा प्रकार कळतो आणि ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनला दाद देतो का) आणि हर-2 (कॅन्सरची वाढ चेतवणारं प्रथिन जास्त आहे का) हे तीन निकालही मिळतात. बहुतेक बायकांमध्ये एवढ्यावर ऑपरेशन व्यवस्थित आखता येतं. अडचण येते ती मॅमोग्राफीच्या एका मर्यादेमुळे. त्या फिल्मवर चरबी काळी दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या दिसतात, आणि कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. वय वाढत जातं तशा ग्रंथी कमी होतात, चरबी वाढते आणि गाठ स्पष्ट उठून दिसते. तरुण बाईचा स्तन ग्रंथींनी भरलेला, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'डेन्स' असतो. तिथे पांढऱ्यावर पांढरं. भारतातल्या बायकांना हा आजार पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं आधी होतो, त्यामुळे डेन्स स्तनाचा प्रश्न आपल्याकडे जास्त भेडसावतो. एमआरआयची मागणी वाढण्यामागचं हे एक खरं कारण आहे आणि ते मी कमी लेखणार नाही.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो. ताकदवान चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्यावर ते यंत्र चालतं. पण स्तनातला कॅन्सर नुसत्या चुंबकाने नीट दिसत नाही. त्यासाठी हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम हे औषध देतात. कॅन्सरला वाढायला रक्त लागतं, म्हणून तो स्वतःभोवती नव्या रक्तवाहिन्या उगवतो. त्या घाईघाईत घातलेल्या पाइपलाइनीसारख्या असतात, सांध्यासांध्यातून गळणाऱ्या. गॅडोलिनियम त्यांच्यातून चटकन बाहेर झिरपतं आणि ती जागा पडद्यावर उजळते. यंत्र काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा पुन्हा चित्रं घेतं. जागा किती लवकर उजळली आणि किती लवकर विझली, तिच्या कडा गुळगुळीत आहेत की काटेरी, यावरून रेडिओलॉजिस्ट मत बनवतात. म्हणून कॅन्सर शोधण्यासाठी इंजेक्शनशिवाय काढलेला ब्रेस्ट एमआरआय फारसा कामाचा नसतो. कुणी "साधा एमआरआय स्वस्तात होईल" म्हणालं तर हे आठवावं.

प्रत्यक्ष तपासणी कशी असते हे कुणी आधी सांगत नाही, आणि आमच्या बायका तिथे जाऊन घाबरतात. खोलीच्या बाहेरच अंगावरचं सगळं धातूचं उतरवावं लागतं. कानातलं, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिना, ब्लाउजच्या हुकांसकट कपडे. मंगळसूत्रही. माझ्या जाऊबाईंच्या गळ्यातून ते लग्नानंतर कधी उतरलं नव्हतं. त्यांनी ते रुमालात गुंडाळून माझ्या मुठीत दिलं आणि माझी मूठ वरून दोन्ही हातांनी दाबली. आत गेल्यावर पालथं झोपायचं असतं. पाटावर दोन खोलगट जागा असतात, स्तन त्यांच्यात खाली सोडलेले राहतात आणि भोवती चित्र टिपणारी कॉइल असते. हात डोक्याच्या वर. कानांत बोळे किंवा हेडफोन, कारण यंत्राचा आवाज मोठा असतो, ठकठक आणि मधूनच लांब भोंग्यासारखा. साधारण अर्धा ते पाऊण तास हलायचं नाही. हातात दाबायला एक रबरी गोळा देतात. घुसमटल्यासारखं झालं तर तो दाबायचा, बाहेरच्या माणसाला लगेच कळतं.

जाण्याआधी क्रिएटिनिनची रक्तचाचणी सांगतात, कारण मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर गॅडोलिनियम जपून द्यावं लागतं. हृदयात पेसमेकर असेल, शरीरात जुनी क्लिप किंवा धातूचा तुकडा असेल, दिवस गेले असण्याची शक्यता असेल, तर न लाजता आधीच सांगावं. ज्यांची पाळी चालू आहे त्यांना शक्यतो पाळी सुरू झाल्यापासून 7 ते 14 दिवसांमधली तारीख देतात. इतर दिवसांत हार्मोनमुळे निरोगी ग्रंथीही उजळतात आणि चित्र वाचणं कठीण जातं. मात्र कॅन्सर ठरलेला असेल तर नुसत्या तारखेसाठी उपचार लांबवत बसत नाहीत.

जास्त दिसतं, मग बिघडलं कुठे?

एमआरआयला जास्त दिसतं, यात वादच नाही. 2008मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेहमत हुसामी आणि सहकाऱ्यांनी 19 अभ्यास एकत्र करून 2,610 बायकांची माहिती तपासली. त्याच स्तनात मॅमोग्राफीला न दिसलेला कॅन्सरचा आणखी एखादा ठिपका एमआरआयने 16 टक्के बायकांत दाखवला. 2007मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, एका बाजूला कॅन्सर झालेल्या 969 बायकांच्या दुसऱ्या स्तनाचा एमआरआय काढला. हाताने तपासून आणि मॅमोग्राफीत काहीच न दिसलेल्या त्या स्तनात 30 जणींना, म्हणजे 3.1 टक्के बायकांना, कॅन्सर निघाला. हे आकडे ऐकले की वाटतं, मग विचार कसला करायचा? काढूनच टाकूया एमआरआय.

पण त्याच अमेरिकी अभ्यासात ते 30 कॅन्सर सापडायला 121 जणींची बायोप्सी करावी लागली होती. 91 जणींना सुई टोचली, त्यांनी रिपोर्टची वाट पाहिली, आणि निघालं काहीच नाही. हुसामींच्या आकडेमोडीतही एमआरआयने दाखवलेल्या जादा ठिपक्यांपैकी साधारण एक तृतीयांश कॅन्सरचे नव्हते. निरोगी ग्रंथी उजळतात, फायब्रोअ‍ॅडिनोमाच्या साध्या गाठी उजळतात, सूजही उजळते. यंत्राला रक्तपुरवठा कळतो, त्याचं कारण कळत नाही.

माझ्या जाऊबाईंची गाठ होती 1.8 सेंटिमीटरची. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत एकच दिसत होती, आणि स्तन राखायचं ठरलं होतं. एका नातेवाइकाच्या आग्रहावरून बाहेर एमआरआय काढला. रिपोर्टात लिहून आलं की गाठीपासून चारेक सेंटिमीटरवर आणखी एक संशयास्पद जागा आहे. त्या रात्री त्या म्हणाल्या, "सगळंच काढून टाका गो, मला परत परत हे नको." घरातल्यांनीही मान डोलावली. सर्जनबाईंनी मात्र ऐकलं नाही. "मावशी, काढायचं तर काढू, पण ती दुसरी जागा काय आहे ते कळल्याशिवाय मी काढणार नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. एमआरआयचं चित्र समोर ठेवून त्याच जागेची पुन्हा सोनोग्राफी केली. या वेळी कुठे बघायचं ते माहीत होतं, त्यामुळे जागा सापडली, बायोप्सी झाली, साधी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ निघाली. स्तन राहिला. पण या सगळ्यात चवथ आली आणि गेली, आणि ऑपरेशन पुढे गेलं. एमआरआयमुळे उपचाराला उशीर होणं हे फक्त आमच्या घरातलं नाही. अमेरिकेतल्या फॉक्स चेस कॅन्सर सेंटरने 2009मध्ये छापलेल्या अभ्यासात एमआरआय काढलेल्या बायकांची उपचाराआधीची तपासणी सुमारे 22 दिवसांनी लांबल्याचं दिसलं होतं.

या प्रसंगातून एक नियम मी सगळ्यांना सांगत असते. नुसत्या एमआरआयच्या रिपोर्टवर ऑपरेशन बदलायचं नाही. संशयाच्या जागेची आधी बायोप्सी, मग निर्णय. ती जागा दुसऱ्यांदा केलेल्या सोनोग्राफीत दिसली तर काम सोपं होतं. नाही दिसली तर एमआरआयच्या यंत्रातच सुई घालून बायोप्सी करावी लागते, आणि त्याची सोय आपल्या देशात मोजक्याच केंद्रांवर आहे. म्हणून एमआरआयची तारीख घेण्याआधीच विचारून ठेवायचं, की काही दिसलं तर त्याची बायोप्सी कोण आणि कुठे करणार? ज्याचं उत्तर पुढे काढताच येणार नाही असा प्रश्न उभा करून घेण्यात बाईचं नुकसान असतं.

दुसरी गोष्ट थोडी खोल आहे, आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एमआरआयने दाखवलेला ठिपका खराच कॅन्सरचा असेल, तरी तो सापडल्याने बाईचं भलं झालंच असं म्हणता येत नाही. 1985मध्ये नेदरलँड्सच्या रोलंड हॉलंड या पॅथॉलॉजिस्टने एका ठिकाणी छोटी गाठ असलेल्या बायकांचे काढलेले पूर्ण स्तन बारीक कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. अशा 282 स्तनांपैकी 43 टक्क्यांत मुख्य गाठीपासून 2 सेंटिमीटरच्या पलीकडेही कॅन्सरच्या पेशींचे पुंजके होते. हे पुंजके व्हेरोनेसी आणि फिशर यांच्या चाचण्यांतल्या बायकांमध्येही असणारच. त्या काळी एमआरआय नव्हता, ते कुणाला दिसले नाहीत, सर्जनने ते तसेच ठेवले. तरी त्या बायका पूर्ण स्तन काढलेल्या बायकांइतक्याच जगल्या.

कसं? मागे राहिलेल्या त्या पेशींसाठीच तर रेडिएशन असतं. गाठ सर्जन काढतो, उरलेल्या स्तनातल्या न दिसणाऱ्या पेशींना रेडिएशन गाठतं, आणि शरीरात इतरत्र निसटलेल्यांना हार्मोनच्या गोळ्या किंवा केमो गाठते. म्हणजे एमआरआय जे काही दाखवतो त्यातल्या बऱ्याच भागाचा बंदोबस्त उपचाराच्या आखणीत आधीच झालेला असतो. ते चित्रात दिसलं की मात्र कुणालाच, ना डॉक्टरला ना पेशंटला, ते मागे ठेवायचा धीर होत नाही. हुसामींच्या त्याच 2008च्या विश्लेषणात 8.1 टक्के बायकांचं ठरलेलं छोटं ऑपरेशन एमआरआयनंतर पूर्ण स्तन काढण्यात बदललं होतं. त्यातल्या काहींना खरंच गरज असणार. सगळ्यांना होती असं म्हणायला पुरावा नाही.

तिसरी अडचण अगदी साधी. चित्र निघतं पालथं झोपून, ऑपरेशन होतं उताणं झोपवून. स्तनाचा आकार आणि आतल्या गाठीची जागा दोन्ही बदलतात. चित्रात दिसलेलं सेंटिमीटरचं माप टेबलावर जसंच्या तसं उतरत नाही.

चाचण्यांनी काय सांगितलं

गाठ काढल्यावर पॅथॉलॉजिस्ट तिच्या कडांना शाई लावून तपासतात. शाईला कॅन्सरच्या पेशी टेकलेल्या दिसल्या तर कड मोकळी नाही असं धरतात आणि बहुधा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. आधी एमआरआय काढला तर सर्जनला गाठीचा विस्तार नीट कळेल आणि ही दुसरी खेप टळेल, अशी सगळ्यांचीच अपेक्षा होती. ब्रिटनमध्ये 45 रुग्णालयांत 1,623 बायकांवर कॉमिस नावाची चाचणी झाली, तिचा निकाल 2010मध्ये आला. अर्ध्या जणींचा एमआरआय काढला, अर्ध्यांचा नाही. दुसरं ऑपरेशन दोन्ही गटांत सुमारे 19 टक्के बायकांना लागलं. काहीच फरक नाही. 2011च्या मोनेट या डच चाचणीत तर हाताला न लागणाऱ्या गाठींमध्ये एमआरआय गटातच कडा पुन्हा कापाव्या लागण्याचं प्रमाण जास्त निघालं, 12 टक्क्यांच्या जागी 34.

उलट बाजूचा निकालही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. 2014मध्ये स्वीडनच्या पोम्ब चाचणीत 56 वर्षांखालच्या 440 बायका होत्या. तिथे एमआरआय गटात 5 टक्के आणि दुसऱ्या गटात 15 टक्के बायकांना पुन्हा ऑपरेशन लागलं. तरुण बायका, एमआरआय वाचणारे अनुभवी डॉक्टर आणि सगळ्यांनी एकत्र बसून घेतलेला निर्णय असेल, तर फायदा होऊ शकतो असं त्यावरून मला वाटतं.

पण दुसरं ऑपरेशन टळणं वेगळं आणि आजार परत न येणं वेगळं. पेशंटला खरी धास्ती असते ती आजार परत येण्याची. त्याबद्दल 2014मध्ये 3,180 बायकांची एकेकीची माहिती जोडून हिशेब केला गेला. 8 वर्षांनी त्याच स्तनात आजार परत न आलेल्या बायका एमआरआय गटात 97 टक्के, दुसऱ्या गटात 95 टक्के. वय आणि गाठीचा प्रकार यांचा हिशेब घातल्यावर हा फरक टिकला नाही. आणि डिसेंबर 2025मध्ये सॅन अँटोनियोच्या स्तनाच्या कॅन्सरवरील परिषदेत अमेरिकेतल्या अलायन्स या कॅन्सरच्या चाचण्या करणाऱ्या गटाने चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचा निकाल मांडला. त्यात हार्मोनला दाद न देणाऱ्या, म्हणजे जास्त चिवट मानल्या जाणाऱ्या, पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या कॅन्सरच्या सुमारे 320 बायका होत्या. एमआरआयचा फायदा दिसायचा तर इथे दिसायला हवा होता. 5 वर्षांनी दोन्ही गटांत नव्वदाहून जास्त टक्के बायकांमध्ये स्तनात किंवा काखेत आजार परतला नव्हता, आणि एमआरआयने त्यात भर घातली नव्हती.

अमेरिकेतल्या स्तनशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2016मध्येच सांगितलं होतं की नव्याने कॅन्सर निघालेल्या प्रत्येकीला एमआरआय लिहून देऊ नये. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वंही ठरावीक कारणांसाठीच तो सुचवतात. तेव्हा "मुंबईत असती तर केलाच असता" हे गृहीत धरू नका.

मग कुणाला हवा?

बायोप्सीत 'लोब्युलर' प्रकार आला असेल तर एमआरआयबद्दल जरूर विचारा. स्तनाच्या पसरणाऱ्या कॅन्सरांपैकी 10 ते 15 टक्के या प्रकारचे असतात. यातल्या पेशी घट्ट गोळा करत नाहीत, एकामागोमाग एक अशा रांगेने निरोगी भागात शिरत जातात. हाताला गाठ छोटी लागते, मॅमोग्राफीत धूसर दिसते, आणि ऑपरेशनच्या वेळी अंदाजाहून कितीतरी मोठी निघते. इथे एमआरआयचं माप बाकीच्या तपासण्यांपेक्षा जास्त भरवशाचं असतं. बायोप्सीच्या कागदावर हा शब्द आहे का, ते स्वतः वाचून बघा.

हाताने तपासून गाठ 4 सेंटिमीटरची वाटते, मॅमोग्राफीत 2ची आणि सोनोग्राफीत तिसरंच काही, असं कुठेच जुळत नसेल तर सर्जनने अंदाजाने कापण्यापेक्षा एमआरआय काढलेला बरा. डेन्स स्तनात मॅमोग्राफीवर विसंबता येत नसेल तेव्हाही. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या (या दोषाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो), किंवा आई-मावशी-बहिणीला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बाईच्या बाबतीत दुसऱ्या स्तनाचाही प्रश्न असतो, म्हणून तिला एमआरआयचा उपयोग होतो. काखेत कॅन्सरची गाठ निघाली पण स्तनात मूळ काही सापडतच नाही, असं क्वचित घडतं. तिथे तर एमआरआयला पर्याय नाही. स्तनाग्रावर इसबासारखं दिसणाऱ्या पॅजेटच्या आजारातही तो कामी येतो.

आणखी एक गट आपल्याकडे मोठा आहे. काही बायकांना ऑपरेशनआधी केमो देऊन गाठ लहान करतात. तिथे केमोच्या आधी आणि नंतर एमआरआय काढला तर किती फरक पडला ते नीट कळतं. यात एक छोटी गोष्ट राहून जाते. केमो सुरू होण्याआधी गाठीत धातूची बारीक क्लिप घालून ठेवायला हवी. केमोने गाठ पूर्ण विरघळली तर नंतर सर्जनला ती जागा शोधायची कशी? केमो पहिली ठरली की क्लिपबद्दल विचाराच.

याउलट साठी ओलांडलेली बाई, मॅमोग्राफीचं चित्र स्पष्ट, गाठ एकच आणि ती दीड सेंटिमीटरची, सोनोग्राफीचं माप जुळतंय, प्रकार साधा डक्टल, म्हणजे दुधाच्या नळ्यांमध्ये सुरू होणारा नेहमीचा. तिला डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला नाही तर ते योग्यच आहे. तिच्या मुलांनी बाहेरून पैसे भरून तो काढू नये असं मी कळकळीने सांगेन.

एमआरआय काय सांगत नाही तेही समजून घ्यायला हवं, कारण यात फार गोंधळ होतो. ब्रेस्ट एमआरआय स्तन आणि आसपासचा भाग दाखवतो. कॅन्सर हाडांत, यकृतात, फुफ्फुसांत गेलाय का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठीचे स्कॅन वेगळे, आणि सुरुवातीच्या टप्प्यात काही त्रास नसताना तेही प्रत्येकीला लागत नाहीत. काखेतल्या ग्रंथींचा अंतिम निकालही एमआरआयवर लागत नाही, त्यासाठी सेंटिनल ग्रंथी, म्हणजे स्तनातून निसटलेल्या पेशी काखेत सगळ्यांत आधी जिथे पोचतात त्या ग्रंथी, काढून तपासतात.

आपल्या गोव्यात 2021पासून 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' मोहिमेत आरोग्य केंद्रांवर हातात धरायच्या छोट्या यंत्राने बायकांची स्तनतपासणी होत आली आहे. अशा तपासण्यांतून गाठी लहान असताना सापडतात, म्हणजे स्तन राखता येईल अशा बायका वाढतात, आणि हा एमआरआयचा प्रश्नही जास्त घरांत येतो. गाठ निघाली की पुढची वाट बहुतेकदा बांबोळीला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जाते. काही कुटुंबं फाइल घेऊन रात्रीची कोकणकन्या पकडतात आणि परळला टाटा मेमोरियल गाठतात. खासगीत उपचार घेणार असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बघा. 2016मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला 4 लाख रुपयांचं संरक्षण ठेवलं होतं. पण ते ठरावीक उपचारांसाठी असतं. बाहेर काढलेल्या एमआरआयचे काही हजार रुपये खिशातून जाणार की योजनेत बसणार, हे तारीख घेण्याआधी रुग्णालयाच्या योजना कक्षात विचारून घ्या.

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांपुढे जेमतेम काही मिनिटं मिळतात. घरूनच तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझ्या ऑपरेशनबद्दल अशी कुठली शंका आहे जी एमआरआयशिवाय सुटणार नाही? त्यात नवीन काही दिसलं तर त्याची बायोप्सी कुठे होईल? आणि या सगळ्यात ऑपरेशन किती दिवस पुढे जाईल? पहिल्या प्रश्नाला डॉक्टरांनी नेमकं उत्तर दिलं, उदाहरणार्थ "लोब्युलर आहे आणि माप जुळत नाहीये", तर एमआरआय बिनधास्त काढा. "सगळेच काढतात" एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला हरकत नाही.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसते छापील रिपोर्ट पुरत नाहीत. मॅमोग्राफीच्या मूळ फिल्म किंवा सीडी, एमआरआय काढला असेल तर त्याची सीडी, आणि बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) व स्लाइड सोबत लागतात. मोठ्या रुग्णालयात चित्रं त्यांचे रेडिओलॉजिस्ट नव्याने वाचतात आणि स्लाइड त्यांचे पॅथॉलॉजिस्ट पुन्हा बघतात. ब्लॉक लॅबमध्ये ठेवलेले असतात. ते पेशंटला मागता येतात, बहुतेक ठिकाणी लेखी अर्ज द्यावा लागतो. तेव्हा गाडीचं तिकीट काढण्याआधी तो अर्ज देऊन ठेवावा.